नेरिसचं मौन

—न्हाय न्हाय, इंग्लंडची न्हवं गं श्रुती, वेल्सची. ते आधी पेपरात नीट घाल. इंग्लंडची म्हटलं की नेरिस चिडती. आपल्याला बावड्याच्या माणसांस्नी कुणी सांगलीचं म्हटल्यावर कसं हुतंय? तसंच. बस की, खुर्ची वड. सून जगात गाजलीया आणि मुलाखत सासूची — ह्या त्रिशलाची! मला गाण्यातलं काय कळतंय? बस्तीत, आमच्या जैन देवळात, स्तवनं म्हणायची, तेवढंच. पण तिचंबी तसंच सुरू झालं बग. बाप कोळशाच्या खाणीत, आणि रविवारी सगळं गाव चर्चमधी गायाचं. तिथनं पोरगी वर आली — कार्डिफ, मग लंडन, मग मिलान, न्यूयॉर्क. ऑपेरा म्हणजे गाण्याचं नाटक. पण माइक न्हाय हं! एवढं मोठं थेटर, पुढ्यात वाजवणाऱ्यांची फौज, आणि हिचा आवाज त्या सगळ्यांच्या वरनं शेवटच्या खुर्चीपतोर. माणसं उभी राहून टाळ्या वाजवत्यात, थांबतच न्हाईत. ऋषभनं मोबाईलवर दाखवलंय की सगळं. माझा ऋषभ तिकडं शिकाय गेलता, तिथंच नोकरीला लागला, तिचं गाणं ऐकलं आणि झालं — नोकरी सोडली, आता तिच्या बॅगा, तिची तिकिटं, तिचं गरम पाणी, सगळं तोच बघतोय. गल्लीत म्हणत्यात, बायकोच्या मागनं फिरतोय. फिरू दे की! तुमच्या बाच्या पैशानं फिरतोय व्हय?

हितं? आलती की. एकदाच. सहा वर्सं झाली. घशात गाठ आलती, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरनं सांगितलं, महिनाभर तोंडातनं शब्द काढायचा न्हाय — कुजबुजायचंबी न्हाय. तिकडं राहिली असती तर माणसांनी बोलाय लावून लावून जीव घेतला असता, म्हणून ऋषभ हितं घेऊन आला. आता ते गल्लीला काय म्हाईत? कसबा बावड्यातल्या बायका जमल्या सगळ्या — नवी सून, त्यात गाणारी, उखाणा घे म्हणून! ही आपली नुसती हसतीया. हूं न्हाय का चूं न्हाय. बायडाबाई म्हणाली, "त्रिशलाकाकू, एवढा कसला वो तोरा?" मला आला राग. म्हटलं, मौन हाय तिचं. एवढंच म्हटलं मी! दुसऱ्या दिवशी बघतीया तर बायका श्रीफळ, तांदूळ घेऊन दारात, पाया पडाय! आमच्या मुनिमहाराजांचं असतंय तसलं व्रत वाटलं त्यांस्नी. गोरी बाई एवढ्या लांबनं येऊन मौन धरतीया म्हटल्यावर काय विचारता! नेरिस बिचारी घाबरून पाय पोटाशी घेऊन बसली. मी कशाला खरं सांगू? चार माणसं घरात आली, ती काय वाईट हुती?

आणि तुला सांगते — हे लिहू नको — तसला महिना माझ्या जन्मात दुसरा न्हाय. ऋषभ आपला लॅपटॉपवर. आम्ही दोघी पडवीत, मधी घेवड्याच्या शेंगा. ती बोलायची न्हाय, मला इंग्रजी येत न्हाय — फिटंफाट! हात एकदा दाबला की व्हय, दोनदा दाबला की न्हाय. दिवस बुडायच्या आत माझ्यासंगं जेवायची. माझे मालक वारले तवाचं सगळं सांगितलं मी तिला, मराठीतनं. पोटच्या पोराला न्हाय सांगितलं ते. तिला काय कळलं? काय न्हाय कळलं. पण माझ्या तोंडाकडं बघायची, सरकून बसायची. महिना झाला आणि गच्चीवर जाऊन आवाज सोडला तिनं — उसाचे ट्रॅक्टर थांबले रस्त्यात, खोटं न्हाय सांगत. सगळी टाळ्या वाजवाय लागली, आणि मी जिन्यात बसून रडतीया. बायडाबाई म्हणाली, सासू बघा किती मायेची! चार दिवसांत गेली दोघं.

आता फोन येतोय की. येत न्हाय कसा? ती इंग्रजीत भडाभडा बोलती, मी हूं हूं करते. दर दिवाळीला येतो म्हणतोय ऋषभ. गाद्या उन्हात घालते, परत आत घेते. काय करणार? लोकांची झाली ती आता —

काय? काय दाखवतीयास? मला चष्म्याबिगर दिसत न्हाय, तूच वाच. ...कार्यक्रम रद्द? सगळे? घसा — परत? कवाधरनं? ऋषभ मला बोलला न्हाय गं. ...आवाज कायमचा जाईल म्हणत्यात?

मग येतील की! आता येतीलच! तिकडं काय करत बसणार? वरची खोली झाडून घ्याय पाहिजे, नव्या चादरी काढाय पाहिजेत, आणि बायकांस्नी ह्या वेळी फाटकातनंच सांगते, कुणी यायचं न्हाय, तिला गप बसू दे माझ्याजवळ — आता काय महिन्याचा हिशेब न्हाय, बसू दे वर्सभर, जन्मभर —

अशी काय बघतीयास?

मी काय मागितलं न्हवतं हं. देवापुढं बसून असलं कोण मागंल? तोंडानं कवा न्हाय मागितलं मी.

...टेप करतीयास न्हवं ते मोबाईलवर? बंद कर. बंद कर म्हटलं की! जगात गाजलीया, एवढंच लिही. आणि जा आता. न्हाय, तू चहाबी करू नको, काय नको, ऊठ. जा म्हटलं न्हवं पोरी.