उलटी घडी

—बसशील रे, बसशील. खुर्ची काही पळून जात नाही. आधी तिथेच उभा राहा, दारात, उजेडात. सावधान नाही म्हटलं मी, नुसता उभा राहा. मी माणसाचं तोंड नंतर बघतो, आधी पाय बघतो. तोंड काय, आईबापाने दिलेलं असतं, त्यात आपलं कर्तृत्व कसलं? पण बुटावर पॅन्ट कशी बसवलीय, ते ज्याचं त्याचं असतं. कर्नल आला तरी मी आधी पायच बघायचो — आणि कर्नलही ओळखून असायचे, स्टाफ सार्जंट अदोमाकोसमोरून जाताना खाली एक नजर टाकून घ्यायचे. तर तू एबो क्वान्सा. कॉर्पोरल. आणि बँडमध्ये. मला वाटलं पोकुआ चेष्टा करतेय. सकाळी पेजेचं भांडं हातात दिलं आणि म्हणाली, पापा, दुपारी एक जण येणार आहे, सैन्यातला आहे, नीट बोला. मी म्हटलं, वा, सैन्यातला, कुठल्या तुकडीत? तर म्हणे ट्रॉम्बोन वाजवतो. म्हणजे शत्रू आला की तू काय करणार, फुंकणार? हसू नकोस. लग्नाला बँडवाले लागतात हे मलाही माहीत आहे, पण ते मांडवाबाहेर उभे राहतात, नवऱ्या मुलाच्या खुर्चीवर नाही.

आणि आलास तो एकटा? मामा कुठायत तुझे? मागणी घालायला, दार ठोठावायला येतात ते मोठी माणसं घेऊन, जिनच्या बाटल्या घेऊन, 'आम्ही तुमच्या बागेत एक फूल पाहिलं' वगैरे सगळं तोंडपाठ करून — आणि तू परेडवरून थेट इथे, घामेजलेला, हात हलवत. हां, मामा शनिवारी येणार? मग आज कशाला आलास? तिने सांगितलं, आधी पापांना भेटून ये म्हणून? माझ्याकडे काय आहे रे द्यायला? आमच्यात पोर आईच्या कुळाची, तुमच्या फांटी लोकांतही तेच, तुला काय सांगायचं. रक्त आईचं. बाटल्या मॅम्पाँगला तिच्या मामाच्या टेबलावर जाणार, बोलणी तो करणार, हो तो म्हणणार. बापाने शेजारी बसून मान हलवायची. बापाकडून पोरात काय उतरतं, तर म्हणे स्वभाव. म्हणजे पोर चांगली निघाली तर आईचं कूळ चांगलं, आणि तोंडाळ निघाली तर बापावर गेली. पण ठीक आहे, आलास तर आलास. ऐकतोयस ना मागच्या अंगणातला आवाज, ठक ठक? उकडलेल्या कंदांचा फुफू कुटतेय ती. तू येणार म्हणून. फांटी माणसाला मक्याची केंकी आणि तळलेला मासा द्यायचा सोडून आम्हा अशांतींचा फुफू — मी म्हटलं तिला, त्याच्या पोटाला झेपेल का? तर मुसळ उचलून निघून गेली. बाफूरची बायको बसलीय तिच्याबरोबर, उखळातला गोळा उलटवायला. बाफूर म्हणजे तो पलीकडच्या खोलीतला, लॉटरीच्या टपरीवाला. आमचं बोलणं नाही. चोर आहे तो. सांगेन नंतर.

पाय इकडे कर. नाही, असा नाही, या बाकावर ठेव. मी वाकणार नाही. अख्ख्या नोकरीत कुणापुढे वाकलो नाही, आता बँडवाल्याच्या बुटापुढे वाकू? हं. बूट बरा चमकवलायस, तेवढं कबूल. नाड्याही ठीक, टोकं आत खोचलेली. आणि आता वर बघू— अरे देवा. हे काय आहे? नाही, तू सांग, हे काय आहे? मोहरी आत दुमडलीय, रबरी कड्यात अडकवलीय, सायकलच्या ट्यूबचं कडं आहे ना, चांगलं, बाजारातल्या हूकवाल्या पट्ट्या वापरत नाहीस हे बरं, त्या दुपारपर्यंत सैल होतात आणि माणूस कोंबड्यासारखा पिसं लोंबवत फिरतो. फुगाही नीट आला आहे, सगळीकडून सारखा, बुटावर अलगद टेकलाय. पण जास्तीचं कापड कुठल्या बाजूला वळवलंस? पुढून मागे की मागून पुढे? घडी पुढून मागे जायला हवी, रिक्रूटला पहिल्या आठवड्यात शिकवतात, आणि तुझी मागून पुढे आली आहे. उलटी. दोन्ही पायांवर उलटी. असाच गेलास परेडला? आणि कुणी काही बोललं नाही? बोलणार कोण म्हणा, सगळे फुंकण्यात गुंतलेले. आमच्या वेळी अशी घडी घेऊन कुणी उभा राहिला असता ना, तर मी त्याला त्याच्या आईचं नाव विसरायला लावलं असतं. उलट्या घडीचा माणूस सरळ चालूच शकत नाही. तुला सांगतो, अशी घडी फक्त डावखुरा—

डावखुरा आहेस का तू?

नाही? ट्रॉम्बोनची नळी उजव्या हाताने ओढतोस. हं.

नाही, काही नाही. पाय काढू नकोस, राहू दे. मी काय सांगत होतो? घडी. सरळ घडी कशी घालायची, ऐक. मी सकाळी इथेच बसतो, या बाकावर, पोकुआ खाली बसते आणि— म्हणजे मी बसतो, ती पेज आणते. मी करतो माझं माझं. फाटकावर ड्यूटी असते ना लाकडाच्या वखारीच्या, तिथे मी एकटाच आहे ज्याच्या बुटावर पॅन्ट पॅन्टसारखी दिसते. ट्रकवाले हॉर्न वाजवायच्या आधी सलाम ठोकतात. मालक म्हणतो, सार्जंट, तुम्ही उभे असलात की वखार छावणीसारखी वाटते. कमरेचं काय? कुणी सांगितलं तुला कमरेचं? तिने? काही झालेलं नाही कमरेला. थोडी धरते. खाली वाकलं की वर यायला जरा वेळ लागतो, वय झालं की सगळ्यांचं होतं, तुझंही होईल, तेव्हा बघू कसा वाकून ट्रॉम्बोन उचलतोस ते.

बरं, करते ती. रोज करते. झालं? घरातलं सगळं तुला सांगितलेलंच दिसतंय, मग लपवू कशाला. लहान होती तेव्हापासून करते. हट्टाने. तिची आई गेली तेव्हा मॅम्पाँगहून मामा आला होता, पोरीला न्यायला. त्याचा हक्कच होता, मी काय बोलणार? मी इथेच बसलो होतो, ड्यूटीवर निघालो होतो, बूट चढवलेले आणि हात चालेना, कापडच धरवेना मला. मामाने तिचं गाठोडंसुद्धा बाहेर नेऊन ठेवलं होतं. तर ही पोर येऊन माझ्या बुटासमोर फतकल मारून बसली, कडं ओढलं, मोहरी आत दुमडली — मी करताना रोज बघायची ना — आणि मामाला म्हणाली, मी गेले तर यांची पॅन्ट कोण बसवेल? एवढीशी पोर. मामा एवढा हसला, एवढा हसला, की गाठोडं परत आत आणून ठेवलं त्याने. म्हणाला, ठेवून घे रे अदोमाको, ही तुझी मुलगी नाही, तुझी हवालदार आहे. तेव्हापासून. आणि घडी अर्थातच उलटी, कारण पोर डावखुरी. शाळेत मास्तर हातावर छड्या मारायचे, डाव्या हाताने काही द्यायचं नाही, घ्यायचं नाही, खायचं नाही, आणि ते बरोबरच आहे. पण मी तिला म्हटलं, बाहेर काय ते उजव्याने कर, माझ्या पॅन्टीला तुझा डावा चालेल. छावणीत मला हसायचे. अदोमाकोची उलटी घडी. एका मेजरने सगळ्यांसमोर विचारलं होतं. मी म्हटलं, सर, लेबनॉनमध्ये असंच करतात. मी शांतिसेनेत जाऊन आलो होतो ना, मेजर गेलाच नव्हता, तो काय बोलतोय?

तर हिने बसवली तुझी. आज, परेडच्या आधी. म्हणजे सकाळी मला पेज देऊन चर्चला जाते म्हणून गेली ती तुझ्या छावणीच्या दाराशी. वा. चर्चमध्ये गुडघे टेकले असतील असं मला वाटलं, टेकले खरे, पण बँडवाल्यासमोर. तू नको म्हणालास? म्हणालास, पण तिने ऐकलं नाही. ते मात्र खरं वाटतं.

थांब. हलू नकोस. हे काय लागतंय हाताला? मोहरीत काय घातलंयस? फुगा एवढा सारखा बसलाय म्हटल्यावरच मला कळायला हवं होतं, नुसत्या कापडाचा असा बसत नाही, आत वजन लागतं. काढ. काढ म्हणतो ना, तू वाक, तुझी कंबर ठीक आहे.

बघू.

ही कुठून आली तुझ्याकडे?

नाही, उत्तर नको देऊस. माझी आहे ही. भिंतीवरच्या घड्याळाची पितळी साखळी, लेबनॉनमध्ये एका म्हाताऱ्या घड्याळजीकडून घेतली होती, मधोमध कापून दोन केल्या, एक या पायाला, एक त्या. नुसती मोहरीत ठेवायची, की कापड वाऱ्यावरसुद्धा जागचं हलत नाही. छावणीत सगळे मागायचे, उसनी, एका दिवसापुरती, लग्नापुरती. कुणाला दिली नाही. दुधाच्या डब्यात ठेवलेली असायची, त्या फळीवर. ईस्टरपासून डबा रिकामा. सगळं घर उलथंपालथं केलं मी. आणि ही पोर माझ्याबरोबर पलंगाखाली शोधत होती. पलंगाखाली, गुडघ्यांवर बसून, हातात टॉर्च घेऊन. मी म्हटलं बाफूरने नेली, तोच एकटा येतो या खोलीत रेडिओ ऐकायला — अंगणात उभं राहून म्हटलं, सगळ्यांच्या देखत, त्याच्या बायकोच्या देखत. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि बाफूरची बायको बसलीय तिथे तिच्याबरोबर गोळा उलटवत. तिला माहीत असणार. बाफूरलाही माहीत असणार. म्हणून तो परवा माझ्याकडे बघून हसला, मी म्हटलं चोराची हिंमत बघा. आता काय सांगू त्याला? काही सांगणार नाही. येईल आपोआप रेडिओ ऐकायला.

लपवायचं असतं तर आज घातली नसती रे. तिला माहीत आहे मी तोंड बघत नाही, पाय बघतो. साखळी तुला दिली हे तोंडाने सांगायची हिंमत नाही झाली, म्हणून तुझ्या पायात घालून पाठवली. आणि मी इथे बसून घडीचं व्याख्यान देतोय. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

कुटायचा आवाज थांबला. ऐकलंस? कान इकडे लागलेत. फुफूत गुठळ्या होतील आता.

लग्नानंतर कुठे राहणार? ताकोराडीला? बदली झाली? कधी? आणि मला कोण सांगणार होतं हे, शनिवारी मामा? समुद्राची हवा चांगली असते म्हणे, लोखंड गंजतं फक्त. काय? काय म्हणालास, परत म्हण. तू बसवशील? माझी? ताकोराडीहून रोज सकाळी येणार, मला बुटावर पॅन्ट बसवून द्यायला, आणि मग परत जाऊन ट्रॉम्बोन फुंकणार. बँडवाल्या, तू वाईट नाहीस, पण भूगोल कच्चा आहे तुझा. काय म्हणतोस— जेव्हा येशील तेव्हा? बरं. बस खाली. माझे बूट बाकाखाली आहेत. चढव. दाखव बघू, फुंकण्याशिवाय काय येतं ते.

हं. मोहरी आत. कडं जरा वर, हां. ओढ. हात चांगला चालतो. आता घडी.

सोड.

चुकलं नाही काही. सरळ आहे, अगदी पुस्तकात असते तशी. म्हणून म्हटलं, सोड. मला सरळ घडी चालत नाही. काढ ते बूट. काढ, आणि पुसायची गरज नाही, बाकाखाली सारून दे, पार मागे, भिंतीपर्यंत. वखारीच्या मालकाला फाटकावर माणूस लागतो, बूट नाही लागत. उद्यापासून मी चपला घालून जाणार. तिला सांग. नाही, तू नको सांगूस, ती उद्या सकाळी बघेलच.

साखळी घाल परत, दोन्ही पायांना. आणि घडी तशीच ठेव, तिने घातलीय तशी. कुणी विचारलं तर लेबनॉनमध्ये असंच करतात म्हणायचं. आता मागे अंगणात जा, जेवायला बोलावतील तुला. मला भूक नाही. बघतोस काय? जा.