दाराच्या वरचा पट्टा

माझं माहेर किल्लारीच्या अंगाचं, सासर मुखेडाकडचं, पन सगळा जलम गेला लातूरला इटा-वाळू वाहन्यात. नीलावती नाव माझं, पन साइटवर कोन नावानं हाक मारतंय, ए बाई, माल आन, एवढंच. आता गुडघे गेले, बसून आसते. पन माझं घर बांधनाऱ्या त्या गुत्तेदाराचं नाव निघालं की माझं डोकं आजबी फिरतंय, काय सांगू तुमाला.

भूकंपात माहेरचं घर बसलं. दगड-मातीच्या हातभर रुंद भिती, वर मातीचं धाबं. माझी धाकटी बहीन शोभा दाराजवळ झोपलती, दाराच्या वरचं भिताड तिच्यावर आलं. मी सासरी होते म्हनून हाय. पोचले तवा भाऊ दगडं उचलून राहिलता, मीबी उचलायला लागले. त्येचं लई सांगत न्हाई, तुमीबी लई लिहू नका.

मग नवं गाव बांधायला काढलं, तिथं मी बिगारी म्हनून लागले. तिथं एक म्हातारे इंजिनेर होते, दूरच्या मुलखाचे, मराठी मोडकंतोडकं, पन आमा बायांना उभं करून समजावून सांगायचे, बाई, दाराच्या वरून चारी भितींवर सिमिटाचा पट्टा फिरवायचा, आत गज घालायचे, मग पेंढी बांधल्यावानी घर आवळून राहतंय, हाललं तरी इखरत न्हाई. मी घरी येऊन लई रडले त्या दिवशी. एवढीच गोष्ट होती व्हय, म्हनलं, एवढीच?

मग लातूरला आलो. आमचे मालक शाळेत शिपाई लागले. इकडं क्लासेसचं येड सुरू झालतं, बाहेरगावची लेकरं येऊन राहिलती, गल्लीगल्लीत होस्टेल, किती बिल्डिंगींना मी पानी मारलं त्येची गिनती न्हाई. आमच्या सोताच्या खालच्या दोन खोल्या बांधल्या तवा पट्ट्याचा माल मी माझ्या डोक्यावर वाहिला. म्हातारपनी म्हनलं, वर दोन खोल्या काढू, क्लासच्या पोरी ठेवू, चार घास सुखाचे खाऊ.

काम दिलं शिवराज गुत्तेदाराला. पलीकडच्याच गल्लीतला. मावशी मावशी करत आला, चहा पिला. मी म्हनलं, बाबा, माझी एकच अट हाय, दाराच्या वर पट्टा पाहिजे. हाव मावशी, बिलकुल, तुमचं घर ते माझं घर. आसं बोलला. मग सासू आजारी पडली म्हनून मी पंधरा दिवस मुखेडाला गेले, येऊन वर बघते तर दाराच्या वर चार थर इटा चढलेल्या आनि पट्ट्याचा पत्ता न्हाई! मालकाला इचारलं तर म्हनले, मला काय कळतंय त्यातलं.

लावला फोन. उचलला न्हाई. दुसऱ्या दिवशी लावला, मावशी साइटवर हाय, करतो. केला न्हाई. मग नुसती घंटी. आठवडा झाला, दुसरा झाला, मिस्तरीबी यायचा बंद. घरी गेले तर बायको म्हनती, नांदेडला गेलेत. आनि चपला दारात! मोठ्या मानसाच्या चपला, मी काय आंधळी हाय?

शेवटी एका क्लासच्या नव्या बिल्डिंगीवर सापडला. तिथल्या सरांचा फोन आला तर एका घंटीत उचलला, जी सर, हाव सर. मी समोर उभी राहिले, म्हनलं, पट्टा कुठंय? तर समद्या कामगारांदेखत हसला. मावशी, तुमी घरच्या बाया, तुमाला काय कळतंय यातलं. आनि भूकंप काय रोज येतोय व्हय?

मला कळत न्हाई! जिनं बहिनीवरची दगडं उचलली तिला कळत न्हाई! तशीच घरी आले.

घरी देगलूरचे एक गुरुजी येऊन बसलेले, लेकीसाठी खोली पाहिजे, क्लास आठ दिवसांत सुरू. मालक मला बाजूला घेऊन म्हनले, वर पत्रे टाकून गिलावा करून टाक, आत काय हाय कोनाला दिसतंय? खरं सांगते, एक घडी मलाबी वाटलं. मग ती पोर दिसली, दारातच उभी, पिशवी छातीशी धरून. मी म्हनलं, गुरुजी, खोली तयार न्हाई, दुसरीकडं बघा. मालक तणतणत बाहेर निघून गेले.

मी माझ्या जुन्या जोडीदारनींना बोलावलं, शांताबाई आनि रुखमिन, साइटवर संगं घमेली वाहिलेल्या. तिघी म्हाताऱ्या, तिघींचे गुडघे गेलेले. हातोडी घेऊन चारी थर आमी सोता पाडले. मग दुसरा मिस्तरी आनला, जवळ बसून पट्टा टाकून घेतला आनि त्येच्यावर पानी मी मारलं, सकाळ-संध्याकाळ. तवा आला शिवराज, इतक्या दिवसांनी, बिना बोलावता! म्हनतो, मावशी, गल्लीत माझं नाव खराब करून राहिल्या तुमी. मी म्हनलं, बाबा, फोन करून यायचं आसतंय, मी उचलला आसता.

ते साल खोल्या रिकाम्या गेल्या. आता चार पोरी हायेत वर, दिवसभर मोठ्यानं वाचत्यात, एक तर चिडली की तेलगूत भांडती. शिवराज काय माफी मागत न्हाई. आता मागच्या गल्लीत क्लासच्या एका बड्या सरांचं पोरींचं तीन मजली होस्टेल बांधून राहिलाय. परवा मी काठी टेकत गेले, वाचमननं आत सोडलं न्हाई, मग रस्त्यावरूनच एका बिगारनीला ओरडून इचारलं, अगं माय, दाराच्या वर पट्टा टाकला का? ती बोट दाखवून म्हनली, टाकला मावशी, ह्यो बघा.

मंजी येत होतं त्येला! मोठ्या मानसाच्या बिल्डिंगीला टाकतोय, माझ्याच घराला टाकायचं जिवावर आलं. लई राग आला, रस्त्यावरच मोठ्यानं बोलले काय काय. मग वर बघितलं, चांगला रुंद टाकला होता, सगळीकडून फिरवलेला. बरं झालं बाई, म्हनलं. तिथंबी लेकीच झोपनार हायेत कोनाच्या तरी.