मॅडमच्या डोळ्यातला अमिबा

व्यासपीठावर विराजमान संस्थेचे अध्यक्ष माननीय शंभूआप्पा, आदरणीय प्राचार्य सर, आजच्या सत्कारमूर्ती रजिया तांबोळी मॅडम, समोर बसलेले सहकारी, पालक आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हां सर्वांना या रुपाली देवकातेचा सविनय नमस्कार.

मॅडमनी मला प्राणिशास्त्र शिकवलं, पुढे त्यांच्याच विभागात मला नोकरी मिळाली. त्यांच्या गुणांविषयी बाकीचे बोललेच. मी त्यांच्या डोळ्याविषयी बोलणार आहे. दचकू नका, त्यांनीच सांगितलंय.

कोरेगाव भीमाहून शिरूरला येताना शिक्रापूरच्या चौकातली धूळ कुणाला चुकली आहे? एकदा मॅडमच्या डोळ्यातल्या कॉन्टॅक्ट लेन्सखाली कण गेला. त्या प्रयोगशाळेत आल्या आणि लेन्स डिस्टिल्ड वॉटरनं धुतली. ही चूक आम्हा प्रयोगशाळावाल्यांनाच सुचते! डिस्टिल्ड म्हणजे शुद्ध, हे डोक्यात पक्कं. पण कॅन बरेच दिवस उघडा होता आणि त्यात अमिबा होता. त्यानं मॅडमचा उजवा डोळा नेला.

पुण्याच्या डॉक्टरांनी बुबुळावरून खरवडलेला नमुना मॅडमनी मागून आणला, काचेच्या बशीत जिवाणू खायला घालून वाढवला. आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई आबा मागे बसलेत, ते तेव्हा म्हणाले होते, "डोळा खाल्ला त्यानं, आन् बाई त्यालाच खायला घालत्यात व्हय?"

मॅडमनी त्या पेशींना चमकणारा रंग लावून पुण्यात फोटो काढून घेतला. मित्रहो, आपल्या पेशीत धागे जिथून निघतात तो सेंट्रोसोम असतो, त्याच्या पोटात दोन बारीक नळकांडी. या अमिबात ती नळकांडी नाहीतच. नुसता एक दाट ठिपका आणि त्यातून चहूकडे गेलेले धागे. पेशीतलं कोणतं सामान कुठं राहायचं, ते या धाग्यांवर ठरतं. फोटोत सगळा काळोख, हिरवे धागे आणि मधोमध तो ठिपका. मला ती डोळ्यातली बाहुलीच वाटली. मॅडम डावा डोळा जवळ नेऊन शांतपणे म्हणाल्या, "रुपे, माझं खाऊन वाढलंय गं हे. आता हेच मला बघतंय."

तेव्हापासून ती बशी ज्या उबदार कपाटात असते, त्या इनक्युबेटरकडे पाठ करून बसायला मी घाबरते. हसा, पण खरं आहे.

आता आमच्या विभागाची रीत अशी, की माणूस निवृत्त झाला की त्याची कल्चर, म्हणजे त्यानं बशीत वाढवलेले जीव, त्याच दिवशी प्रेशर कुकरमध्ये घालून मारायची. आज सकाळी मी बशी उचलली, तर मॅडम दारात. त्या एकदम गावच्या बोलीवर आल्या. "मला मूलबाळ न्हाई. डोळाबी गेला. माझं काय उरलं आसंल, तर त्या बशीत हाय. पण तुला भ्या वाटतं, तवा तू ठरव. फकस्त काय ठरवलंस ते सगळ्यांम्होरं सांग."

कुकरचं पाणी तापलं होतं. मी शेवटचं म्हणून बशी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. एक पेशी दुभंगत होती. ठिपका असा रंगाशिवाय दिसत नाही, पण मला ठाऊक होतं, आता तो दोन्हीकडे आहे. मी गॅस बंद केला.

अध्यक्ष महोदय, प्राचार्य सर, रीत मोडली आहे, परवानगी आत्ता माइकवरून मागते. अधिकउणं बोलले असेन तर सभागृहानं पदरात घ्यावं. शांतपणे ऐकलंत, आभारी आहे.

आणि मॅडम, नव्या बशीत घातलंय त्याला. भीती अजून वाटते. पण तुमचा डोळा मी सांभाळीन.