टाकीतलं फिनाईल

तुम्ही म्हणता ना, मी कुणापुढे बोलत नाही? एकदा बोललो होतो, ऐका.

मुलुंडच्या एका सोसायटीत सांडपाणी शुद्ध करायची टाकी मी सांभाळतो. टाकीतली घाण जंतू खातात. एक मॅडम वर्षभर त्याच जंतूंवर पीएचडी करत होत्या आणि त्या दिवशी त्यांचे सर ते बघायला येणार होते. सकाळीच आमचे सेक्रेटरी काका फिनाईलचे दोन कॅन घेऊन हजर.

"पाहुणे येतायत. वास येता कामा नये. ओत सगळं."

"काका, जंतू मरतील ना."

"अरे येड्या, जंतू मारायलाच फिनाईल असतं! दहावी तरी झालायस का?"

झालो नव्हतो. ओतलं.

दुपारी मॅडमनी टाकीतला थेंब मायक्रोस्कोपखाली धरला आणि त्यांचा चेहराच उतरला. "सर, एकही हलत नाहीये. सगळे मेलेत. कोणी केलं हे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, वाट लागली, नोकरी गेली.

तेवढ्यात काका छाती काढून पुढे आले. "मी केलं, मॅडम! हा तर नकोच म्हणत होता."