उजवीकडून फोडलेला शब्द

...आणि वर लोक म्हणतात, मास्तरांना इंग्रजी येतच नव्हतं! अहो, येत होतं की! निजामाच्या राज्यात, आमच्या सास्तुरात, इंग्रजी शब्द फोडून सांगणारा दुसरा होता कोण? पण उत्तरेश्वर मास्तर पडले उर्दू शाळेत शिकलेले, पाटीवर काहीही लिहिलेलं दिसलं की नजर आधी उजव्या टोकाला जायची, आणि शब्द फोडायचे तोही उजवीकडून... उजवीकडून, तुम्हाला सांगतो!

तर गूळवाला ईरण्णा बायकोला, शिवगंगाला, घेऊन सोलापूरला गेला. पोटात गाठ होती तिच्या. तिथल्या गोऱ्या डॉक्टरानं पोट दाबलं, मान हलवली, एकच शब्द बोलला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली! ईरण्णानं तो शब्द तुकड्या-तुकड्यानं एकेका बोटावर बसवला, बैलगाडीत वाटभर पुटपुटत आला, बायकोला घरी टेकवलं आणि थेट शाळेत. "मास्तर, इन... क्यू... रे... बल! काय हाय हो ह्यात? जगंल न्हवं माझी शिवगंगा?"

"थांब ईरण्णा, तुझी बोटं ही नुसती बोलायची फोड झाली. अर्थाची फोड निराळी." मास्तरांनी शब्द पाटीवर लिहिला आणि सुरुवात कुठून? उजवीकडून! "एबल... म्हंजे होण्यासारखं. त्याच्या डाव्या अंगाला क्युअर... म्हंजे बरं होणं..."

"बरं होण्यासारखं!" ईरण्णा ओरडला आणि जो पळत सुटला... अहो, हवं ते ऐकल्यावर माणूस थांबतो होय? दुकानातला गूळ गावभर वाटला त्यानं! आणि इकडं मास्तर बघतायत, तर डावीकडं 'इन' तसाच बसलेला. इन म्हंजे न्हाय. बरं न होण्यासारखं!

अनवाणी धावले हो मास्तर. दारात पोचले तर शिवगंगा उठून बसलेली, किती दिवसांनी भाकरी मागून खात होती. म्हणाली, "या मास्तर, गूळ घ्या. तुमच्या तोंडात साखर पडो!" आता सांगा, काय बोलायचं? तुम्ही बोलला असता? घेतला गूळ, गिळला आणि आले परत. डावीकडून फोडला असता तर बाई वाचली असती का? छे! पण उजवीकडून फोडला ना...

पोळ्याच्या आधी गेली ती. मास्तर मातीला गेले, मागंच उभे राहिले. वाटलं, आता ईरण्णा गचांडी धरणार, धरली तर बरंच होईल. ईरण्णा आला, डोळे पुसले आणि मास्तरांचे हात हातात घेतले. "मनाला लावून घेऊ नका मास्तर. तुमी शब्द बराबर फोडला व्हता. त्या डाक्टरालाच काय कळलं न्हाय."

"व्हय," मास्तर म्हणाले. दुसरं काय म्हणणार?