झाकणाच्या आत अनंताचं अक्षर

मंडळी, सुलभावहिनी, सकाळच्या गाडीनं देवरूखहून आलेले गाववाले, आणि पुढच्या रांगेत बसलेले शहरातले पाहुणे.

मला भाषण येत नाही. हातानं काय केलं तेवढं मला सांगता येतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. अनंताचा फोटो ज्या टेबलावर ठेवलाय ते टेबल माझं. फोटोची चौकट माझी, काल दुपारी केली, फणसाची. या हॉलातले मागचे बारा बाक माझे. त्याच्या घरातला देव्हारा माझा. त्याच्या लेकीच्या लग्नातला चौरंग माझा. शहरातल्या भुयारी मेट्रोला दोनशे चाळीस पेट्या दिल्या, त्या माझ्या. आणि बारा दिवसांपूर्वी त्याची तिरडी बांधली, तीही मीच. एक गाठ चुकली. सोडली, पुन्हा मारली.

यापुढचं बोलणं मला जड आहे. पण बोलणार.

आत येताना दोघांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "मनोहर, शोकसभा आहे. दोन चांगले शब्द बोल आणि बस. राग बाहेर ठेव." राग काय चपला आहेत, बाहेर काढून ठेवायला? आणि वकिलांनी बजावलंय, शहराचं नाव घ्यायचं नाही, साहेबांचं नाव घ्यायचं नाही. नाही घेत. पण ती नावं ज्याला ठाऊक नाहीत असा एक माणूस या हॉलात दाखवा.

अनंत माझ्यापेक्षा दीड महिन्यानं मोठा. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर. पुढे मी रंधा धरला, त्यानं बोअरिंगचं मशीन धरलं. दोघांनाही कुणी शिकवलं नाही. मी टाकून दिलेले नकाशे बघून नकाशा वाचायला शिकलो. तो दगडाला हात लावून दगड वाचायला शिकला.

वहिनींना ठाऊक आहे, पण बाकीच्यांसाठी सांगतो. भुयार खणायच्या आधी जमिनीला खोल भोक पाडतात आणि आतला दगड मनगटाएवढ्या जाडीच्या कांड्यांनी वर काढतात. ज्या क्रमानं निघाला त्याच क्रमानं पेटीत मांडतात. एका पेटीत पाच मीटर. ती पेटी बघून इंजिनियर ठरवतात, इथं स्टेशन होईल की नाही. म्हणजे जमिनीखालचं जे कुणाला दिसत नाही, ते त्या पेटीत दिसतं. पेटी खोटी, तर स्टेशन खोटं.

त्या पेट्या मी इथं रत्नागिरीत करायचो. झाकण खाचेतून सरकवायचं. प्रत्येक झाकण त्याच्या त्याच्या पेटीला रंधून बसवलेलं. दुसऱ्या पेटीचं झाकण घातलंत तर कुठंतरी अडणारच. अनंत फोनवर शिव्या घालायचा. "मेल्या मन्या, आत दगड ठेवायचेत, दागिने नाय! इतकं घट्ट कशाला?" मी म्हणायचो, "दगड असो नाहीतर शेण असो, झाकण बसलंच पाहिजे." पेटीचा नंबर बाजूला रंगानं, तो तिकडचे लोक घालायचे. झाकणावरचा नंबर मी तापल्या लोखंडानं डागायचो. रंग खरवडता येतो. डाग जात नाही.

आणि झाकणाच्या आतल्या बाजूला अनंत लिहायचा. सुताराच्या जाड पेन्सिलीनं. त्याचे तीनच शब्द होते. दगड अख्खा निघाला तर 'चिरा'. तुकडे निघाले तर 'कण्या'. चिखल-पाणी निघालं तर 'पेज'. पुढे किती मीटरपासून किती मीटरपर्यंत, तो आकडा. रजिस्टर होतं, ते इंग्रजीत, ते साहेबलोक लिहायचे. हे त्याचं स्वतःचं. एका तरुण इंजिनियरनं एकदा विचारलं म्हणे, "काका, झाकणावर जेवणाचा बेत लिहिता काय?" अनंत म्हणाला, "होय हो. आणि तुमच्या तीन नंबरच्या बोअरला पेजच पेज आहे. जेवायला या."

आता नीट ऐका. ही मेट्रो कुणाची? निम्मे पैसे दिल्लीचे, निम्मे राज्याचे, वर परदेशी बँकेचं कर्ज. दिल्लीत एक पक्ष, राज्यात दुसरा. कंपनीचा अध्यक्ष कुणाचा, यावर तीन वर्षं गेली. कोनशिलेवर कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, यावर पावसाळा गेला. जमीन राज्याच्या हातात, सही दिल्लीच्या हातात, आणि दोघेही मुठी आवळून बसलेले. अनंत सुट्टीवर आला की सांगायचा, "मन्या, वर खुर्च्यांवरून भांडतायत आणि खाली पाणी वाट बघतंय."

स्टेशन ठरलं होतं पाच नंबरच्या बोअरजवळ. तिथं खाली सगळा चिरा. मग राज्यातल्या आपल्या साहेबांच्या मनात आलं की स्टेशन चारशे मीटर अलीकडे हवं, बाजाराजवळ, तीन नंबरच्या बोअरवर. तिथं कुणाच्या जमिनी आहेत ते पुढच्या रांगेला विचारा. तिथं बारा मीटरपासून पंचवीस मीटरपर्यंत कण्या आणि पेज. अनंतानं लिहून दिलं. तोंडानंही सांगितलं. आणि बँकेची अट होती की सगळ्या स्टेशनांचा जमिनीचा अहवाल आला की कर्जाचा पहिला हप्ता. दिल्लीवाल्यांना निवडणुकीआधी उद्घाटन हवं होतं. एकाला जागा हवी होती, दुसऱ्याला तारीख. विरोधात होता फक्त दगड. अहवाल गेला. त्यात तीन नंबरला लिहिलं, उत्तम खडक.

गेल्या पावसात रस्ता खचला. माणूस मेला नाही, नशीब. दोन इमारती रिकाम्या केल्या. टीव्हीवर दिल्लीवाले म्हणाले, राज्याची चूक. राज्य म्हणालं, दिल्लीची चूक. चार दिवस तमाशा झाला. पाचव्या दिवशी दोघेही म्हणाले, बोअर मारणाऱ्याची चूक. तीन वर्षं ज्यांचं एका कागदावर एकमत होत नव्हतं, त्यांचं एका माणसावर झालं. अनंत गोताड. आरोप काय? तर त्यानं तीन नंबरला बोअर मारलाच नाही. दुसरीकडचा चांगला दगड पेट्यांत भरून दिला.

वहिनी, तुम्ही त्याला तेव्हा बघितलंत. मीही बघितलं. सत्तावीस वर्षं चिखलात उभा राहिलेला माणूस. बाजारात जायचा बंद झाला. मासे आणायला मला पाठवायचा. एकदा म्हणाला, "मन्या, चोर म्हटलं असतं तर चाललं असतं. खोटा दगड भरला म्हणतात रे."

मग त्यांनी एक चूक केली. ती फक्त त्यांच्यासारखेच लोक करू शकतात. मला स्टोअरच्या अधिकाऱ्याचा फोन आला. "मिस्त्री, चौकशी समिती यायची आहे आणि तुमच्या पेट्या दमटपणानं फुगल्यात. तीन नंबरच्या बोअरची तीन झाकणं बसत नाहीत. रंधा घेऊन या, जरा मारून बसवा."

माझी पेटी फुगत नाही. ऐन आणि किंजळ, दोन उन्हाळे सुकवलेलं लाकूड. तरी गेलो. शेडमध्ये त्या बोअरच्या म्हणून ठेवलेल्या तिसरी, चौथी, पाचवी, अशा तीन पेट्या. झाकणं तीन नंबरच्या बोअरची, माझ्या डागाची. झाकण डाव्या कोपऱ्यात दोन सूत, म्हणजे पाव इंच, अडत होतं. मी आत बघितलं. चिरा. अख्खा, ठणठणीत. एकेक झाकण उलटं केलं. आत अनंताचं अक्षर. कण्या. पेज. पेज.

पेट्या पाच नंबरच्या बोअरच्या होत्या, मंडळी. बाजूचा रंग खरवडून वर नवा नंबर घातलेला, खाली जुना पाच पुसट दिसत होता. झाकणावरचा डाग खरवडता येईना, म्हणून तीन नंबरची झाकणं त्यांच्यावर बसवायला निघालेले. समितीला तीन नंबरच्या पेटीत चांगला दगड दिसला की खोटा दगड अनंतानं भरला हे ठरलंच. मी साधेपणानं विचारलं, "पाच नंबरच्या बोअरच्या पेट्या कुठं आहेत?" अधिकारी म्हणाला, "वाळवीनं खाल्ल्या. फेकून दिल्या." माझ्या पेटीला वाळवी! त्या माणसाला मी तिथंच ओळखलं.

आणि बघा, त्यांनी दगड बदलला, पेट्या बदलल्या, रजिस्टर बदललं, आणि हे जुळवून द्यायला बोलावलं कुणाला? ज्यानं झाकणं केली त्याला. का? कारण सुतार म्हणजे त्यांच्या लेखी हात. हाताला डोळे असतात हे त्यांना ठाऊक नाही. आतलं अक्षरही वाचलं असेल त्यांनी. म्हणाले असतील, कुणाचा तरी जेवणाचा बेत.

पिशवीत रंधा होता. तरी धंद्यात पहिल्यांदा खोटं बोललो. म्हटलं, "साहेब, इथं नाही जमणार. झाकणं रत्नागिरीला न्यावी लागतील." त्यानं गेटपास करून दिला. तीन झाकणं, दुरुस्तीसाठी. खाली सही, शिक्का. तीन नंबरच्या बोअरची म्हणून डागाचे नंबरसुद्धा त्यानंच लिहिले. महिनाभर फोन येत होते, "मिस्त्री, झालं का?" मी म्हणायचो, "लाकूड सुकतंय."

अनंतासमोर झाकणं ठेवली तेव्हा त्यानं स्वतःच्या अक्षरावरून बोट फिरवलं. म्हणाला, "बघ, मी तिथं होतो." मग म्हणाला, "मला त्यांच्यासमोर एकदा खुर्चीवर बसव. बास." मी म्हटलं, आत्ता दाखवलं तर दाबून टाकतील. समितीसमोर सुनावणीत दाखवू. हा सल्ला माझा. सुनावणी एकदा पुढे ढकलली. दुसऱ्यांदा ढकलली. तिसऱ्या तारखेला आठ दिवस होते आणि अनंत सकाळी चहाचा कप ओटीवर ठेवून तिथंच बसल्याबसल्या गेला. तीही तारीख पुढे गेली, आणि त्याच्यावरचा आरोप अजून तसाच आहे. वहिनी, तो सल्ला माझा होता. हे मी सगळ्यांसमोर सांगतो.

म्हणून मला कुणी सांगू नये की जाऊ दे. मला त्यांची माफी नको. माफीनामा आला तर त्याची पाचर करीन. ज्या खुर्चीवर अनंताला बसवणार होते, तिथं मला साहेब बसलेले बघायचेत. त्यांच्या तोंडून मला 'पेज' हा शब्द ऐकायचाय. समितीनं विचारावं, "याचा अर्थ काय?" आणि त्यांना घाम फुटावा. अहवालावर सही करणाऱ्या दिल्लीवाल्यालाही मी सोडणार नाही. दोघांनी मिळून माझा माणूस पुरला. दोघांना मिळून वर काढीन. दोनशे चाळीस झाकणांत अनंताचं तेच अक्षर, तेच तीन शब्द आहेत. ताडून बघा म्हणावं. आणि ती तीन झाकणं आज माझ्या घरी नाहीत, कारखान्यातही नाहीत. कुणी कुलपं तोडायचे कष्ट घेऊ नयेत. सुनावणीच्या दिवशी ती टेबलावर असतील, गेटपाससकट.

आता आपण अनंतासाठी उभे राहू. दोन मिनिटं. ज्याला गुडघ्याचा त्रास आहे त्यानं बसून चालेल, अनंत रागावणार नाही. पण आपण कुठल्या गोष्टीवर गप्प उभे आहोत आणि कुठल्या गोष्टीवर गप्प बसणार नाही, हे आधी स्पष्ट असावं. म्हणून एकच गोष्ट उरली, तीही सांगून टाकतो.

पुढच्या रांगेतले पांढऱ्या शर्टातले पाहुणे, साहेबांचे सहायक, मान खाली घालू नका. दहाव्याच्या दिवशी तुम्ही माझ्या कारखान्यात आलात. भुशावर रुमाल अंथरून बसलात. म्हणालात, "मिस्त्री, ती तीन झाकणं द्या आणि विसरा. पुढच्या मार्गिकेच्या सगळ्या पेट्यांचं काम तुम्हाला. शिवाय रोख." मी नको म्हटलं. तुम्ही विचारलंत, आकडा तरी ऐकून घ्याल की नाही. मी ऐकून घेतला, कारण मला तो इथं सांगायचा होता.

चाळीस लाख रुपये.