मामीले म्हटलेला चिनी शब्द

हसू नका, पन मी चिनी शिकून राहिलो. आमच्या कापसाच्या जिनिंगमधी चिनी मशीन येनार, तिच्यासंगं तिकडचा इंजिनेर येनार, म्हनून. त्या दिवशी मोबाइलवर शब्द आला, ‘मान झोऊ’. अर्थ ‘हळू चाला’. पाहुना निघाला की दारात उभं राहून म्हनाचं.

आता निघालेला पाहुना कुठून आनाचा? तं दिवाळीले आलेली अकोल्याची मामी नेमकी तवाच जाऊन राहिली होती. बडनेऱ्याहून गाडी होती, ऑटो दारात उभा. आईनं तं सकाळीच डबा बांधून ठेवला होता. मामीनं चपला घातल्या आन् मी हात जोडले, "मामी, मान झोऊ!"

"म्हंजे काय रे?"

"चिनीत हळू जा."

मामी उंबऱ्यातच थांबली. डोळे भरून आले तिचे. "पाहा बाई, भाच्याले माहं जानं सोसत नाही. राहू द्या, जाईन सावकाश." ऑटो वापस गेला, मामीनं चहा मांडाले सांगतला.

आईनं मले सैपाकघरात ओढलं. "येवढं चिनी शिकतं, तं पाहुने वाटेले लावाचा शब्द काहून नाही शिकत?"

म्हटलं, "आई, तोच होता."